गुरांच्या डॉक्टरांनी पाटी किती मोठी लावावी?

मुरबाडहून माळशेज घाटाकडे निघालेल्या रस्त्यावर, किंवा शहापूरहून किन्हवली आणि डोळखांबकडे वळणाऱ्या फाट्यावर, क्षणभर उभे राहून भिंती वाचाव्यात. सिमेंट, बियाणे, मोबाइल, खाजगी शिकवण्या आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांची तेथे दाटी असते. त्याच दाटीत दुभत्या जनावरांचे खाद्य असते, दूध वाढविणारी भुकटी असते, कॅल्शियमची बाटली असते. एक नाव मात्र त्या भिंतींवर सहसा आढळत नाही. जनावराला काय झाले आहे हे ओळखण्याची विद्या जो रीतसर शिकला आणि ज्याचे नाव त्यासाठी परिषदेच्या नोंदवहीत चढले, त्या पशुवैद्यकाचे. खाद्य विकणारा बोलतो, बाटली विकणारा बोलतो. ती बाटली या गाईला द्यावी की न द्यावी हे ज्याने सांगावयाचे, तो मात्र गप्प असतो.

हे मौन केवळ स्वभावाचे नाही. ते बऱ्याच अंशी नियमाचे आहे. पशुवैद्यकांनी आपल्या सेवेची जाहिरात करावी की करू नये, हा प्रश्न शहरातील वाचकाला किरकोळ वाटण्याचा संभव आहे. कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यांतील चढाओढ एवढेच त्याचे रूप त्याच्या डोळ्यांपुढे येईल. परंतु ठाणे जिल्ह्याच्या या दोन डोंगरी तालुक्यांत तो निराळ्याच रूपाने उभा राहतो. कोणाचा व्यवसाय वाढावा, हा येथील प्रश्न नव्हे. रात्री गाय अडली असता कोणाचे दार ठोठवावे, हा आहे.

मौनाची परंपरा

१९८४ साली संसदेने भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम संमत केला. पशुवैद्यकीचा व्यवसाय नोंदणी झालेल्या पदवीधरानेच करावा, हे त्याचे मुख्य सूत्र. या कायद्याखाली १९९२ साली व्यावसायिक वर्तणुकीची व नीतीची संहिता तयार झाली. माणसांच्या डॉक्टरांना लागू असलेल्या संहितेच्या वळणावरच ती बेतलेली आहे. रुग्ण मिळविण्यासाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष याचना करणे आणि स्वतःच्या कौशल्याचा गाजावाजा करणे, हे अशा संहितांनी अनुचित ठरविले आहे. दवाखाना उघडला, पत्ता बदलला, काही काळ काम बंद राहणार आहे, अशी साधी सूचना देण्यापुरती मुभा. त्यापलीकडे पाऊल टाकले तर ते गैरवर्तन. माणसांच्या डॉक्टरांसाठी २००२ साली झालेल्या विनियमांत तर पाटी अवास्तव मोठी नसावी, तीवर नाव, पदव्या, विशेष विषय आणि नोंदणी क्रमांक यांखेरीज काही लिहू नये, औषधाच्या दुकानावर ती लावू नये, इतका बारीक विचार केलेला आहे.

या दंडकामागे शहाणपण नाही असे कोणी म्हणू नये. कापड घेणारा ते हाताने चाचपून पाहतो, तांदूळ घेणारा चार दाणे दाताखाली धरतो. उपचार असा पारखून घेता येत नाही. त्यातही जनावराचा रोगी मुका. त्याच्या वतीने बोलणारा धनी हा फार तर साक्षीदार. जनावर उठले ते औषधाने की निसर्गाने, आणि मेले ते रोगाने की उपचाराने, हे ठरविण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. ज्या व्यवहारात गिऱ्हाईक मालाची पारख करू शकत नाही, तेथे सर्वांत मोठ्याने ओरडेल तोच सर्वांत चांगला असा समज पसरण्यास वेळ लागत नाही. म्हणून वैद्याची कीर्ती कामाने पसरावी, पाटीने पसरू नये, असा हा संकेत आहे.

शिवाय या व्यवसायाला आपल्याकडे जाहिरातीची गरजही भासली नव्हती. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. तेव्हापासून कितीतरी दशके तेथून बाहेर पडणाऱ्या पदवीधराची वाट बहुधा सरकारी दवाखान्याकडेच जात असे. पगार सरकारचा, औषध सरकारचे, जनावर रयतेचे. अशा माणसाने आपली जाहिरात कोणापुढे आणि कशासाठी करावी? खेड्याला डॉक्टर ठाऊक असे आणि डॉक्टरला खेडे. मौनाचा नियम या जगात बसला आणि शोभलाही.

आज ते जग राहिलेले नाही. सरकारी दवाखाना आहे. त्याच्या जोडीला खाजगी पदवीधर आहेत. कृत्रिम रेतनासाठी मोटारसायकलवरून फिरणारे कार्यकर्ते आहेत. पदविका घेतलेले पशुधन पर्यवेक्षक आहेत. औषधांची दुकाने आहेत. कंपन्यांचे प्रतिनिधी आहेत. यांपैकी जाहिरातीच्या संहितेने ज्याचे तोंड बांधले आहे, असा एकच, तो म्हणजे नोंदणीकृत पशुवैद्यक. ज्याला बोलण्याचा सर्वांत अधिक अधिकार, त्यालाच बोलण्यास सर्वांत अधिक मज्जाव, अशी ही विपरीत स्थिती आहे.

मोकळ्या जागेची किंमत

शहापूर हा तानसा आणि भातसा या जलाशयांचा तालुका. मुंबईची तहान भागविणारे पाणी येथूनच जाते. मुरबाड हा काळू नदीचा आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा तालुका. दोन्हीकडे मोठी गावे रस्त्याला लागून, आणि ठाकूर, कातकरी, कुणबी यांच्या वाड्या व पाडे मात्र ओहोळ व टेकड्या ओलांडून आत विखुरलेले. पावसाळ्यात धो धो पाऊस. त्या पावसात टिकणारे डांगी जनावर हे या डोंगरपट्ट्याचे खास धन. भाताच्या चिखलणीला बैलजोडी, घरात दुधाला एखादी गाय किंवा म्हैस, दारात चार शेळ्या: अनेक कुटुंबांची बँक ती हीच.

अशा वाडीवर एखाद्या संध्याकाळी गाय अडली, तर धन्यापुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांत रोगाचा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. जवळचा दवाखाना कोणत्या गावी? तो या वेळी उघडा असेल काय? तेथील साहेब आज लसीकरणाला गेले आहेत, की पंचायत समितीच्या बैठकीला? दवाखान्यात पदवीधर आहेत की पर्यवेक्षक? खाजगी डॉक्टर शहापुरात आहेत असे ऐकले, पण ते एवढ्या आत येतात काय? आले तर किती घेतात? या प्रश्नांची उत्तरे कोठे लिहून ठेवलेली असतील, तर त्याला ती सापडत नाहीत. मग तो चहाच्या टपरीवर विचारतो, औषधाच्या दुकानात विचारतो, आणि जो प्रथम भेटेल त्याच्या हाती जनावर देतो. आडवे आलेले वासरू अडाणी हाताने दोर लावून ओढले की गर्भाशय फाटते. वासरू जाते, पुष्कळदा गायही जाते. ही हानी विद्येच्या अभावी झाली असे आपण मानतो. वस्तुतः ती पत्त्याच्या अभावी झालेली असते.

येथे गावच्या जाणत्याला किंवा झाडपाल्याच्या वैदूला दोष देण्याचे कारण नाही. दवाखाना नव्हता तेव्हा गुरे त्यांनीच सांभाळली, आणि साध्या दुखण्यांत त्यांचा हात आजही उपयोगी पडतो. पर्यवेक्षकालाही कायद्याने स्थान दिलेले आहे. नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देण्याची परवानगी राज्य सरकार अशा व्यक्तींना देऊ शकते. दोष आहे तो सीमारेषा अदृश्य असण्याचा. कोणाचे काम कोठे संपते आणि कोणाचे कोठे सुरू होते, हे ज्याने जाणावयास हवे त्या शेतकऱ्यालाच ते सांगितलेले नाही.

उपचारापेक्षाही प्रतिबंधाच्या बाबतीत हे मौन अधिक महाग पडते. घटसर्प हा रोग पावसाळ्याच्या तोंडाशी येतो. म्हशीला ताप भरतो, गळा सुजतो, श्वास घरघरू लागतो, आणि बहुधा दिवसाभरात सारे संपते. डॉक्टरला बोलावण्यास उसंत मिळत नाही. या रोगाला खरे उत्तर एकच: पाऊस सुरू होण्यापूर्वी टोचलेली लस. म्हणजे जी सूचना मे महिन्यात वाडीवर पोहोचावयास हवी, ती जुलैत पोहोचली तर तिची किंमत शून्य. तीच गोष्ट पिसाळण्याची. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या गाईला गिळता येत नाही, तोंडातून लाळ गळते. घशात काही अडकले असेल म्हणून घरचा माणूस तिच्या तोंडात हात घालतो आणि स्वतःचा जीव धोक्यात घालतो. हे एक वाक्य भिंतीवर लिहिलेले असते तर ती जाहिरात ठरली असती, की लोकशिक्षण?

आणि मोकळी जागा मोकळी राहत नाही, हा तर सर्वांचाच अनुभव आहे. डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचे उदाहरण बोलके आहे. हे औषध दिलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात, हे सिद्ध झाल्यावर २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. तरीही माणसांसाठी विकल्या जाणाऱ्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. अखेर २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची बाटलीच ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित करावी लागली. औषधाला गोठ्याचा रस्ता सापडतो, डॉक्टरच्या सल्ल्याला सापडत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

जाहिरातीचे भय

मग बंधन काढून टाकावे आणि प्रत्येक पशुवैद्यकाला हवी तेवढी भिंत रंगवू द्यावी, असे कोणी म्हणेल. हा उपाय वाटतो तितका सरळ नाही.

जाहिरात ही नुसती माहिती नसते. तिला आपला स्वभाव असतो. ‘दवाखाना सकाळी आठला उघडतो’ एवढे सांगून ती थांबत नाही. ‘गाय हमखास गाभण’, ‘महिन्यात दूध दुप्पट’ असे वायदे तिच्या ओठांवर लवकर येतात. जो डॉक्टर असे वायदे करणार नाही, तो शेजारच्या वायदेबाजापुढे फिका दिसू लागतो. पुढची पायरी म्हणजे कंपनीच्या खर्चाने भरणारे शिबिर. तेथे तपासणी फुकट असते आणि बाटली विकत. वैद्य कोठे संपला आणि विक्रेता कोठे सुरू झाला, हे मग त्या वैद्यालाही सांगता येणार नाही. पाटी औषधाच्या दुकानावर लावू नये या नियमातील दूरदृष्टी अशा वेळी कळते.

दुसरे भय अधिक गंभीर आहे. जाहिरात पैशाच्या मागे जाते. शहापूर तालुक्याचे रूप झपाट्याने बदलत आहे. आसनगाव आणि वाशिंद येथे लोकलच्या आधाराने वसाहती वाढल्या. डोंगराच्या कडेने शेतघरे आली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि मुंबईचा पैसा आणखी जवळ आला. या नव्या वस्तीबरोबर पाळीव कुत्रीही आली. त्यांचे धनी दर वाचतात, फोन करतात, रोख देतात. जाहिरात खुली झाली की सर्वांत आधी रंगेल ती महामार्गालगतची भिंत, आणि तिच्यावर चित्र असेल ते कुत्र्याचे. टोकावड्याच्या पलीकडील वाडीवर रात्री जाण्याची तयारी असल्याची जाहिरात कोण करील आणि कशाच्या बळावर? ज्यांना पत्त्याची सर्वांत अधिक गरज, त्यांच्यापर्यंत बाजाराची दवंडी सर्वांत शेवटी पोहोचते. कित्येकदा ती पोहोचतच नाही.

कायदा या भयाबाबत अगदीच आंधळा नाही. औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा माणसांच्या औषधांपुरताच आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. प्रत्यक्षात त्यातील औषधाच्या आणि जादूच्या उपायाच्या व्याख्येत जनावरांचाही उल्लेख आहे. औषधाविषयी खोटा दावा करणारी जाहिरात गुरांच्या बाबतीतही गुन्हाच ठरू शकते. तेव्हा भिंतीवरील प्रत्येक दाव्याला मोकळे रान आहे असे नव्हे; त्याच्याकडे पाहणारा डोळा नाही, एवढेच.

विलायतेचा अनुभव

हा वाद इतर देशांनी आपल्या आधी घातला आहे. ब्रिटनमध्ये मक्तेदारी आयोगाने १९७६ साली पशुवैद्यकांवरील जाहिरातबंदी या विषयावर स्वतंत्र अहवालच तयार केला होता. पुढील दशकात तेथील बंधने सैल होत गेली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ॲरिझोना राज्यातील दोन वकिलांच्या खटल्यात निर्णय दिला. साध्या, नेहमीच्या कामांचे दर वृत्तपत्रात छापणाऱ्या वकिलाला शिक्षा करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. प्रतिष्ठित व्यवसायांचे मौन हे लोकांच्या हिताचे की व्यवसायाच्या सोयीचे, ही शंका त्या काळी सर्वत्रच घेतली जाऊ लागली होती.

परंतु ब्रिटनच्या अनुभवाचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. जाहिरातीची मुभा मिळून कित्येक वर्षे लोटल्यानंतर, पाळीव जनावरांच्या उपचारखर्चाविषयी तक्रारी वाढल्या म्हणून तेथील स्पर्धा प्राधिकरणाने २०२३ मध्ये या क्षेत्राची चौकशी हाती घेतली. २०२४ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार ८० टक्क्यांहून अधिक दवाखान्यांच्या संकेतस्थळांवर अगदी साध्या सेवांचेही दर दिलेले नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तात्पुरत्या निष्कर्षांत दरांची यादी प्रसिद्ध करणे सक्तीचे करावे, असे सुचविण्यात आले. याचा अर्थ उघड आहे. बोलण्याची मोकळीक दिली म्हणून जे सांगावयास हवे तेच सांगितले जाते, असे नाही. जाहिरातीचा हक्क मिळालेला मनुष्य आपल्या सोयीचे तेवढे सांगतो. लोकांच्या सोयीचे त्याच्याकडून सांगवून घ्यावे लागते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली टाटा प्रेस प्रकरणात व्यापारी जाहिरात ही भाषणस्वातंत्र्याचा भाग होय, असा निर्णय दिला. तो वाद दूरध्वनीच्या पिवळ्या पानांचा होता, म्हणजे कोणती सेवा कोठे मिळते हे सांगणाऱ्या सूचीचाच. जाहिरातीतून मिळणाऱ्या माहितीत ऐकणाऱ्याचेही हित असते, हा त्या निर्णयातील विचार येथे मोलाचा आहे. आजवर पशुवैद्यकाच्या जाहिरातीचा विचार झाला तो बोलणाऱ्याच्या प्रतिष्ठेच्या बाजूने. ऐकणाऱ्याच्या गरजेच्या बाजूने तो क्वचितच झाला.

हक्क नव्हे, कर्तव्य

या साऱ्याचा मेळ घातला तर प्रश्नाचे रूपच पालटते. पशुवैद्यकाला जाहिरातीची परवानगी द्यावी काय, हा प्रश्न बाजूला ठेवावा. त्याच्यावर माहिती देण्याचे कर्तव्य टाकावे काय, हा विचारावा. आणि त्याचे उत्तर निःसंदिग्ध ‘होय’ असे आहे.

माहिती आणि मोहिनी यांतील भेद करणे वाटते तितके अवघड नाही. जे सांगितले असता पडताळून पाहता येते ती माहिती. जे पडताळता येत नाही ती मोहिनी. नाव, पदवी आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक पडताळता येतो. दवाखान्याची वेळ, रात्री फोन घेतला जातो की नाही, कोणत्या गावांपर्यंत डॉक्टर जातात, तपासणीचे आणि येण्याजाण्याचे शुल्क किती, अडलेले बाळंतपण वा शस्त्रक्रिया येथे होते की पुढे न्यावे लागते, हे सारे पडताळता येते. उलट ‘तज्ज्ञ’, ‘खात्रीचा’, ‘सर्वांत स्वस्त’ हे शब्द पडताळता येत नाहीत. पहिल्या प्रकारची माहिती प्रत्येक दवाखान्याने, सरकारी असो वा खाजगी, ठळक मराठीत लावणे सक्तीचे करावे. दुसऱ्या प्रकारचे शब्द आज निषिद्ध आहेत, तसेच ते पुढेही राहावेत. पाटीचा आकार किती, यापेक्षा पाटीवर काय, हे परिषदेने पाहावे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की दर जाहीर केले की डॉक्टर एकमेकांचे दर पाडतील आणि कामाचा दर्जा घसरेल. परंतु वाडीवरच्या माणसाला सर्वांत स्वस्त डॉक्टर शोधण्याची चैन परवडत नाही. त्याला एक डॉक्टर मिळाला तरी पुष्कळ. दर आधी कळला तर त्याचा उपयोग घासाघीस करण्यास होत नाही, बोलवावे की नाही हे वेळेवर ठरविण्यास होतो. खर्च किती होईल या धास्तीने सकाळपर्यंत थांबलेला धनी सकाळी डॉक्टरला न बोलावता खड्डा खणतो. या धास्तीवर आकडा हाच उतारा आहे.

दुसरा आक्षेप असा, की ज्या वाडीवर वाचणारे थोडे, तेथे पाटी कोणासाठी? हा आक्षेप पाहिल्यासारखा वाटतो, पण तो पाटी लावणाऱ्याच्या कल्पकतेवर आहे, पाटीवर नाही. आश्रमशाळेतील मुले वाचतात, शिक्षक वाचतात, ग्रामसेवक आणि तलाठी वाचतात. पाटी दवाखान्याच्याच दारावर असावी असे कोठे लिहिले आहे? ती ग्रामपंचायतीच्या, रेशन दुकानाच्या आणि शाळेच्या भिंतीवर असावी. एका कागदावर तालुक्यातील सर्व नोंदणीकृत पशुवैद्यकांची नावे आणि पर्यवेक्षकांच्या कामाच्या मर्यादा एकत्र दिल्या, तर कोणा एकाची जाहिरात होत नाही आणि सर्वांची माहिती होते. याचनेचा दोष त्यातून आपोआपच टळतो.

सरकारने आधी बोलावे

हे कर्तव्य केवळ खाजगी डॉक्टरवर ढकलणे अन्यायाचे होईल. शहापूर आणि मुरबाड यांच्या अंतर्भागात सेवेचा मुख्य आधार आजही सरकारी दवाखानाच आहे, आणि सरकारी दवाखाना हा बोलण्याच्या बाबतीत खाजगीपेक्षाही संकोची. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. ज्याच्या गोठ्यात जनावर आहे अशा प्रत्येकाला हा क्रमांक ठाऊक असावयास हवा. त्याचे पथक कोणत्या वेळेत येते, कशासाठी येते आणि कोठे येऊ शकत नाही, हेही त्याला ठाऊक असावयास हवे. ज्या सेवेचे नाव लोकांना ठाऊक नाही, ती कागदावर असली काय आणि नसली काय, सारखेच.

बोलल्याने काय साधते आणि न बोलल्याने काय बिघडते, याचा धडा या भागाला अलीकडेच मिळालेला आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे सुमारे १०० कोंबड्या मेल्या. बर्ड फ्लूचे निदान झाले आणि एक किलोमीटरच्या परिघातील सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करण्याचा आदेश निघाला. त्याच वर्षी राज्यभर गोवंशात लंपी त्वचारोग पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले, लसीकरणाची मोहीम निघाली. हा रोग माणसाला होत नाही, दूध उकळून प्यावे, हे सरकारला पुन्हा पुन्हा सांगावे लागले, कारण अफवा त्याच्या आधी पोहोचली होती. संकटाच्या दिवसांत पशुवैद्यकाचे नाव, त्याचा शब्द आणि त्याचा क्रमांक घरोघर नेता येतो, हे त्या वर्षी दिसले. संकट ओसरल्यावर तो का नेता येऊ नये?

यासाठी साधने नव्याने शोधावी लागत नाहीत. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला यात्रा भरते. खांबलिंगेश्वराच्या या यात्रेतला बैलबाजार दूरदूर प्रसिद्ध आहे. ज्यांच्याशी बोलावयाचे ते सारे तेथे आपण होऊन जमतात. औषधवाले आणि खाद्यवाले ही संधी वाया घालवीत नाहीत. मग परिषदेने आणि पशुसंवर्धन खात्याने तेथे मंडप घालून लसीकरणाचे वेळापत्रक, नोंदणीकृत पशुवैद्यकांची यादी आणि बनावट डॉक्टर कसा ओळखावा याची चार वाक्ये का वाटू नयेत? पूर्वी गावात काही सांगावयाचे असले की दवंडी पिटली जाई. दवंडी पिटण्यात कोणाची प्रतिष्ठा गेली, असे ऐकिवात नाही.

पशुवैद्यकांच्या संघटनांनीही या प्रश्नाकडे केवळ आपल्या हक्काचा प्रश्न म्हणून पाहू नये. जाहिरातीचा हक्क मागावा आणि दर मात्र झाकून ठेवावेत, ही भूमिका लोकांना पटणार नाही. उलट आपण होऊन दर, वेळा आणि मर्यादा जाहीर करणारा व्यवसाय भोंदू माणसाविरुद्ध कारवाई मागतो, तेव्हा त्याच्या मागणीला धार येते. बनावट डॉक्टरवर खटला भरता येतो, पण खऱ्या डॉक्टरचा पत्ता लोकांना ठाऊक नसेल, तर एक बनावट तुरुंगात गेल्यावर दुसरा त्याची जागा घेतो. भोंदूपणाचे खरे भांडवल लोकांचे अज्ञान नव्हे. जाणत्यांचे मौन हे त्याचे भांडवल होय.

पाटी किती मोठी लावावी, याचे उत्तर मग फारसे कठीण राहत नाही. ती डॉक्टरच्या कीर्तीएवढी मोठी असण्याचे कारण नाही. भर पावसात, कंदिलाच्या किंवा मोबाइलच्या उजेडात, घाबऱ्या झालेल्या माणसाला आणि त्याच्याबरोबर आलेल्या शाळकरी मुलाला जिच्यावरचा क्रमांक वाचता येईल, एवढी ती असावी. त्याहून मोठी पाटी व्यवसायाला शोभत नाही. आणि त्याहून लहान पाटी गोठ्यात अडलेल्या गाईच्या उपयोगाची नाही.